खाणीआधीची विहीर कोणी मोजली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या खनिजांत गुंतवणुकीला किती वाव आहे, यावर तुमच्या अंकात अलीकडे बरंच छापून येतंय. कोळशाचे नवे पट्टे, गडचिरोलीचं लोहखनिज, तुमसरकडचं मँगनीज. मी वणी तालुक्यातली कापूस पिकवणारी बाई आहे. आमचं नऊ एकर होतं, त्यातलं साडेचार खदानीत गेलं, साडेचार राहिलं. पुतण्या त्याच खदानीत ठेकेदाराकडे हायवा ट्रक चालवतो आणि त्याच्या पगारावर घरातल्या दोन मुली शिकल्या. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि तिथला कोळसा पाहतच आमची पिढी मोठी झाली. तेव्हा खाण नकोच, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की खाण येण्याआधी आणि आल्यानंतर गावाचं पाणी कोण मोजतं, आणि ते माप कोणाच्या कपाटात राहतं.

आमच्या शेतातली विहीर दगडी बांधाची, तीस हात खोल. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, दर अक्षय तृतीयेला सकाळी तिचं पाणी मोजायचे. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. घागर भरायच्या आधी मामाजी विहिरीच्या काठावर बसून अंबाडीचा दोर आत सोडायचे. दोराला हाता-हातावर गाठी आणि खाली पितळेचा एक छोटा गडवा उपडा बांधलेला. गडव्याचं तोंड पाण्याला लागलं की 'डुब्' असा आवाज येतो. तो ऐकायला ते सगळ्यांना गप्प बसवायचे, बैलांच्या घंटासुद्धा हातानं धरायला लावायचे. मग गाठी मोजून शंभर पानी वहीत पेन्सिलीनं लिहायचे, तारीख आणि हात. पहिली नोंद १९८७ सालची आहे, तेरा हात. म्हणजे भर उन्हाळ्यात काठापासून तेरा हातांवर पाणी, आणि खाली सतरा हात भरलेली विहीर.

मामाजी २००८ मध्ये गेले. तेव्हापासून दोर माझ्या हाती आला. एकदा दोर कुजला म्हणून बदलला, तेव्हा जुना दोर अंगणात ताणून त्याच्या शेजारी नव्या दोराला गाठी घातल्या, माप चुकू नये म्हणून.

१९८७ पासून २०१० पर्यंत पाणी बारा ते पंधरा हातांच्या मध्येच राहिलं. त्यात कोरडी वर्षंही आली. २०११ मध्ये आमच्या धुऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर खदानीचं तोंड उघडलं. २०१२ ला सोळा हात. २०१३ मध्ये विदर्भात किती पाऊस झाला हे तुमच्याच अंकांत सापडेल, सोयाबीन उभ्या शेतात सडलं होतं. अशा पावसानंतर आमचं पाणी पूर्वी बारा हातांवर यायचं. २०१४ च्या अक्षय तृतीयेला ते अठरा हातांवर होतं. २०१७ ला चोवीस. २०१९ ला गडवा तिसाव्या गाठीवर चिखलात बसला, आवाज आलाच नाही. त्या वर्षी पितरांची घागर मी टँकरच्या पाण्यानं भरली. २०२० मध्ये कर्ज काढून विहीर पाच हात आणखी खोल केली. २०२२ च्या जुलैत वणी-मारेगाव भागात मोठा पूर आला, खदानीच्या मातीच्या ढिगाऱ्यानं आमचा नाला अडला आणि पाणी घरात शिरलं. एवढं पाणी येऊन गेल्यावरही २०२३ ला विहिरीत पाणी एकोणतीस हातांवर.

कोणी म्हणेल, गावात बोअर वाढल्या, कपाशीला ठिबक आलं, उपसा वाढला. हे खरं आहे, आणि मी ते तपासून पाहिलं. माझ्या नणंदेचं शेत निर्गुडा नदीच्या पलीकडे आहे, खदानीपासून बरंच लांब. तिच्या गावातही बोअर वाढल्या. २०१२ पासून मी दर वर्षी त्याच आठवड्यात, तोच दोर घेऊन तिची विहीर मोजते. तिचं पाणी एवढ्या वर्षांत दोन हात खाली गेलं. आमचं सोळा हात.

यात न समजण्यासारखं काही नाही. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर कामठी थराचा वालुकाश्म आहे. आमच्या भागाच्या विहिरी याच दगडावर जगतात, कारण तो पाणी धरतो. उघडी खदान हा दगड कापून कोळशापर्यंत खाली जाते. मग आजूबाजूच्या दगडातलं पाणी त्या खड्ड्याकडे पाझरतं, आणि खड्डा कोरडा ठेवायला कंपनी रात्रंदिवस पंप लावून ते नाल्यात सोडते. आमच्या नाल्याला मे महिन्यातही पाणी वाहताना दिसतं. बाहेरून आलेले लोक म्हणतात, किती छान, बारमाही नाला. ते आमच्या विहिरीचं पाणी आहे.

काही वर्षांपूर्वी याच खदानीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते, पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. हे सगळं झालं, नियमाप्रमाणे झालं. मंडप होता, थंड पाण्याचे जार होते. इंग्रजी अहवाल हाताच्या वितीएवढा जाड आणि मराठी सारांश थोड्याच पानांचा. त्या सारांशात लिहिलं होतं की परिसरातल्या विहिरींवर लक्षणीय परिणाम होणार नाही. मी उठून विचारलं, कोणत्या विहिरी? तिथल्या एका तरुण साहेबांनी इंग्रजी अहवालातला तक्ता उघडून दाखवला. आमच्या गावाची एक विहीर त्यात होती. ती देवळाजवळची, नदीकाठची विहीर. ती माझ्या आठवणीत कधी आटलेली नाही, आणि ती खदानीच्या उलट्या बाजूला आहे. मोजमापाची तारीख डिसेंबरची. पावसाळा सोडून कोणत्याही एका हंगामाची माहिती घेतली तर नियमाला चालते, म्हणून हिवाळा निवडला असावा. डिसेंबरात आमच्याकडे कोणतीही विहीर भरलेलीच असते, कपाशीला ओलीत सुरू व्हायचं असतं तेव्हा.

मी माझी वही पुढे केली. अध्यक्षांनी ती हातात घेतली, दोन पानं चाळली आणि चांगल्या शब्दांत म्हणाले, "ताई, हे तुम्ही लेखी द्या." मी लेखी दिलं, वहीच्या बावीस पानांची झेरॉक्स जोडून. सुनावणीत मांडलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचं म्हणणं ग्रामपंचायतीत लावावं लागतं. ते लागलं तेव्हा मी वाचायला गेले. माझ्या बावीस पानांची एक ओळ झाली होती, 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' त्यापुढच्या रकान्यात, 'नियमित निरीक्षण केले जाईल.'

साहेब, मी चिंता व्यक्त केली नव्हती. मी माप दिलं होतं.

हे निरीक्षण कसं होतं तेही मी नंतर समजून घेतलं. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीनं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल खाणवालाच तयार करतो, त्यानं नेमलेल्या सल्लागाराकडून. भूजल मोजायला खाणीच्या हद्दीत नळ्या बसवतात, त्यांची नोंदही तोच ठेवतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांचं पाणी वर्षातून चार वेळा मोजलं जातं, आणि ते काम मला मनापासून चांगलं वाटतं. पण त्या साऱ्या राज्यात पसरलेल्या विहिरी आहेत. खदानीच्या काठावरच्या आमच्या सहा-सात विहिरींपैकी एकही त्यात नाही. म्हणजे जिथे पाणी जातं तिथे सरकारचा दोर पोचत नाही, आणि ज्याच्या पंपानं पाणी जातं त्याच्याच हातात मापाची वही.

सुरुंगाचंही तसंच. खाण सुरक्षा महानिदेशालयानं हादऱ्यांची मर्यादा आखून दिलेली आहे. साध्या घरांसाठी ती कंपनाच्या प्रकाराप्रमाणे सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर. घराला तडे गेले म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा माणसं यंत्र घेऊन आली. त्या दुपारचा सुरुंग असा उडाला की झोपलेलं पोर जागं झालं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी भांडी फळीवरून खाली आली.

कपाशीबद्दल थोडक्यात लिहिते. रस्त्याकडच्या सऱ्यांतला कापूस राखाडी येतो. बाजार समितीत व्यापारी मुठीत घेऊन, नखानं बोंडाचा तंतू ताणून म्हणतो, "खदानीकडला हाय ना हा?" आणि भाव पाडतो. त्याची दाद कुठे मागायची हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही.

आता गुंतवणुकीकडे येते. गुंतवणूकदाराला सरकारचा धाक नको असतो, परवाने लवकर हवे असतात, अशा धाटणीनं हल्ली बोललं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. देखरेख ढिली ठेवून दिलेल्या खाणी शेवटी गुंतवणूकदाराच्याच गळ्याशी येतात. २०१४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून वाटलेल्यांपैकी २०४ कोळसा पट्टे एका निकालात रद्द केले, कारण वाटपाला ना पद्धत होती ना पारदर्शकता. आमच्या झरी तालुक्यातली मार्की-मांगलीसारखी नावंही त्या यादीत होती. ज्यांनी आधीच कोळसा काढला होता त्यांना टनामागे २९५ रुपये भरावे लागले. पण चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, ट्रकचा हप्ता, खदानीच्या भरवशावर दिलेली खोली, हे सगळं ज्यांनी उभं केलं होतं त्यांची भरपाई कोणत्या निकालात नव्हती. शेजारच्या गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन परत बंद पडल्या. ओडिशात नियमगिरीच्या पायथ्याशी कारखाना आधी उभा राहिला, डोंगरावरच्या बॉक्साइटची परवानगी मागून मागितली गेली. २०१३ मध्ये न्यायालयानं ग्रामसभांना विचारायला सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. लोकांना आधी विचारलं असतं तर तो पैसा अडकला नसता.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं अणुखनिजं आणि महत्त्वाच्या, सामरिक खनिजांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिल्याची बातमी वाचली तेव्हा मी दोनदा वाचली. देशाला लिथियम हवं, दुर्मिळ खनिजं हवीत, हे मला समजतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी १६,३०० कोटींचं अभियानही जाहीर झालं. आमच्या कोळशाला ही सूट नाही. पण माझ्या बावीस पानांची एक ओळ होणारी सुनावणीसुद्धा ज्यांना मिळणार नाही, त्या गावांची मला काळजी वाटते. त्यांच्याकडे वही असली तरी ती द्यायची कोणाला?

पैशाचं म्हणाल तर पैसा कमी नाही. कोळशावर १४ टक्के रॉयल्टी आहे, लोहखनिजावर १५ टक्के. २०१५ पासून त्या रॉयल्टीखेरीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीत, भर पडते, जुन्या पट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात घेतलेल्यांकडून १० टक्के. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग थेट बाधित धरायचा, आणि किमान ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च करायची. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यांना खनिजांच्या हक्कावर वेगळा कर लावता येतो असं ठरवलं, म्हणजे राज्याच्या हाती आणखी साधन आलं.

आमच्या गावात या पैशातून शुद्ध पाण्याचं यंत्र आलं. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर. आमदारांच्या हस्ते नारळ फुटला. पहिला उन्हाळा बरा गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात ज्या बोअरवर ते यंत्र होतं तीच आटली. आता त्या खोलीत कोणीतरी तुरीच्या काड्या भरून ठेवल्या आहेत. यंत्र बसवण्याआधी बोअरचं पाणी किती वर्षं पुरेल हे बघायला कोणाकडे नोंदी नव्हत्या. माझ्याकडे होत्या, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्या बाजूचं पाणी दर वर्षी दीड-दोन हात खाली जातंय.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो, नळाच्या पाण्याचे नमुने तपासायला नेतो. खाणीच्या आसपासच्या गावांत त्याच्या हाती एक मोजपट्टी द्यावी आणि खनिज प्रतिष्ठानाच्या पैशातून त्याला महिन्याचं मानधन द्यावं. कोणत्या विहिरी मोजायच्या ते ग्रामसभेनं ठरवावं, सल्लागारानं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मापं घेऊन ती पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहावीत, जिथे आज रोजगार हमीची यादी लागते तिथेच. भूजल यंत्रणेच्या माणसानं वर्षातून एकदा येऊन तोच दोर सोडून माप पडताळावं. आणि खाणीच्या सहामाही अहवालाला ही गावाची मापं जोडल्याशिवाय तो अहवाल घेऊच नये.

नवा पट्टा लिलावाला काढताना तर हे आधी करावं. लिलावाच्या कागदांत कोळसा किती टन, कोणत्या प्रतीचा, किती खोलीवर, हे सगळं असतं. त्याच कागदांत त्या हद्दीतल्या आणि आजूबाजूच्या विहिरींची निदान तीन उन्हाळ्यांची मापं असावीत. बोली लावणाऱ्याला मग कळेल की आपण कोणाचं पाणी उपसणार आहोत आणि त्याची पर्यायी सोय किती खर्चाची आहे. प्रामाणिक कंपनीलाही याचा फायदाच आहे. उद्या एखाद्यानं बोअरमुळे आटलेली विहीर खाणीच्या माथी मारली, तर त्यांच्याकडे दाखवायला माप राहील. माझ्या नणंदेची विहीर माझ्याच तक्रारीला जशी तपासून देते, तशी.

आमच्या गावातल्या शाळेतल्या गुरुजींना मी हे सांगितलं, तर त्यांनी सातवीच्या मुलांना घेऊन चार विहिरी मोजायला सुरुवात केली. दोन मुली तर इतक्या तरबेज झाल्या आहेत की गडव्याचा आवाज मला ऐकू यायच्या आधी त्यांना येतो. पण शाळेची वही सरकारी कागद होत नाही, जशी माझी झाली नाही.

वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स या पत्रासोबत जोडत आहे. जागेअभावी छापता आली नाही तरी जपून ठेवावी. शेवटची नोंद ३० एप्रिल २०२५ ची आहे, बत्तीस हात. येत्या अक्षय तृतीयेला सकाळी सातला मी पुन्हा मोजणार आहे. तुमचा प्रतिनिधी आला तर दोर त्याच्याच हातात देईन.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी, वणी तालुका, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता पाकिटात दिला आहे. पुतण्याच्या नोकरीमुळे तो छापू नये, ही विनंती.)